वर ठेवलेले

शासनाचा आदेश धाब्यावर बसविला, न्यायालयाचा निर्णय धाब्यावर बसविला, ठेकेदाराने करारनाम्यातील कलमे धाब्यावर बसविली, अशी वाक्ये मराठी वृत्तपत्रांतून इतक्या नियमितपणे छापली जातात की, त्यांतील धाबे म्हणजे नेमकी कोणती जागा, हे विचारण्याची गरज वाचकाला सहसा भासत नाही; आणि एखाद्या शहरी वाचकाला ती भासलीच, तर हमरस्त्यावरील खाटा टाकलेले भोजनगृह त्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते, आणि कायद्याला तेथे नेऊन बसविण्यात कोणाचे काय स्वारस्य असावे, अशा विचारात तो पडतो. वऱ्हाडातील किंवा खानदेशातील मनुष्याला हा संभ्रम होत नाही. धाबे म्हणजे मातीच्या घराचे सपाट छत, ज्याला मराठवाड्यात माळवद म्हणतात. आणि जे खाली, नेहमीच्या वावरात राहावयाचे ते वर नेऊन बसविले की नजरेच्या टप्प्यातून जाते, म्हणजेच त्याची पर्वा करण्याचे कारण उरत नाही, असा त्या वाक्प्रचाराचा सरळ अर्थ आहे. घराच्या वरच्या भागाविषयी आपल्या भाषेचे मत एकंदरीत बरे नाही. बुद्धीने बेताच्या माणसाचा ‘वरचा मजला रिकामा’ असतो, आळशी मनुष्य आढ्याला तंगड्या लावून झोपतो, आणि निरुपयोगी वस्तूला आपण माळा दाखवितो. ज्यांनी धाब्याखाली दिवस काढले आहेत, त्यांना या निंदेत थोडा अन्याय दिसल्यावाचून राहत नाही, कारण मातीच्या घरात सर्वाधिक निगा जर कशाची राखावी लागत असेल, तर ती त्या छताचीच.

माझे आजोळ देऊळघाटचे. बुलढाण्यापासून जवळच, पैनगंगेच्या काठी हे गाव आहे. ही नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत याच मुलखात उगम पावते, पुढे वऱ्हाड आणि मराठवाडा यांच्यामधील सीमा होऊन वाहते आणि अखेर वर्धेला मिळते. येथे मात्र तिचे पात्र अद्याप अरुंद आहे. गावाच्या नावातील देवळाचा अर्थ कोणालाही कळतो, परंतु त्यातील घाट हा केवळ नदीच्या पायऱ्यांचा घाट समजू नये. मोगल आणि निजाम यांच्या अमदानीत वऱ्हाडचे जे दोन विभाग महसुली व्यवहारात मानले जात, त्यांपैकी डोंगराखालच्या काळ्या सपाटीला पयानघाट आणि डोंगरावरील पठाराला बालाघाट म्हणत. आणि १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, १९०३ साली मध्यप्रांताला जोडले गेले, पुढे १९६० साली महाराष्ट्रात आले, तरी बुलढाणा जिल्ह्यातील मनुष्य आजही सोयरीक ठरविताना, पीकपाण्याची चौकशी करताना किंवा निवडणुकीची गणिते मांडताना, आपण घाटावरचे की घाटाखालचे, हे आधी सांगतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव खाली. बुलढाणा, चिखली, मेहकर वर. बालाघाटातील हा ‘बाला’, म्हणजे वरचा, बालाखाना या शब्दातलाही आहे. छतावर काढलेल्या खोलीस फारसीत आणि उर्दूत बालाखाना म्हणतात. सारा देऊळघाटच अशा रीतीने वऱ्हाडच्या वरच्या मजल्यावर वसलेला आहे.

गावात मराठी आणि दखनी वळणाची उर्दू या दोन्ही भाषा एकाच बोळात ऐकू येतात, आणि त्यामुळे घराच्या वरच्या जागेविषयी लहानपणी माझ्या मनात एक चमत्कारिक घोटाळा होता. आमच्या घरी ‘कोठ्यात जा’ म्हटले की गुरांच्या गोठ्यात जावयाचे असे, कारण वऱ्हाडात कोठा म्हणजे गोठा. पलीकडच्या घरातील मुलाला त्याच्या आईने ‘कोठे पे जा’ म्हटले की तो शिडी चढून छतावर जाई. शेण एका कोठ्यात आणि पतंग दुसऱ्या कोठ्यावर. पुस्तकी मराठीत याच शब्दाचा तिसरा अर्थ पोट असा आहे आणि चौथा धान्याचे कोठार. तेव्हा एका शब्दाने किती मजले सांभाळावेत, याला काही मर्यादा असावी असे वाटते. दोन्ही घरांतील धाबी मात्र एकमेकांना लागून होती. त्यांच्यामध्ये हातभर उंचीचा कठडा असे, आणि उन्हाळ्यात वर वाळत घातलेल्या धापोड्यांवर, सरगुंड्यांवर आणि कुरडयांवर कावळ्यांपासून राखण ठेवण्याचे काम ज्या मुलाकडे असेल, त्याने पलीकडच्यांच्या शेवयाही राखाव्यात, असा अलिखित करार होता. बोळात न उतरता छताछतांवरून चार घरे ओलांडून जाता येई. रात्री मात्र तसे जाणे शिष्टसंमत नव्हते, कारण चैत्र-वैशाखात सारे गाव धाब्यावर झोपलेले असे.

धाबे बांधण्याची रीत सांगितल्याखेरीज त्याच्या निगेची कल्पना यावयाची नाही. भिंती आणि लाकडी खांब यांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलचा म्हणजे दाटीने मांडलेल्या बारीक लाकडांचा थर, त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्या, वाळवीला प्रतिबंध म्हणून कडुनिंबाचा पाला, मग चिखलाचा गिलावा आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी ती रचना असते. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी, हा भेद जुन्या कागदपत्रांतून सर्वत्र आढळतो. ती पांढरी माती पाणी फारसे मुरू देत नाही, ओली झाली की घट्ट बसते. गावोगावच्या पडीक गढ्यांचे बुरूज जे दरवर्षी थोडेथोडे खचत गेले, त्याला काळाइतकाच हा गुणही कारणीभूत आहे; कारण गढीची माती म्हणजे उत्तम पांढरी, आणि ती खणून आणण्यास कोणाची परवानगी लागत नसे. रोहिणी संपत आल्या की घरोघरी धाब्यावर ही खारी माती टाकावयाची, ती घमेल्या-घमेल्याने शिडीवरून वर चढवावयाची, उतार परनाळ्याकडे राहील अशा बेताने पसरावयाची आणि धोपटून बसवावयाची, हा मृगापूर्वीचा नेमच होता. छताच्या मध्यभागी उजेडासाठी ठेवलेल्या भोकाला साणे म्हणत. त्यातून आलेला कवडसा ज्या फडताळाशी पोहोचे, त्यावरून भाकरी टाकण्याची वेळ झाली हे कळे. आणि पावसाचे चार थेंब पडले की, कोणी तरी वर धावत जाऊन त्या साण्यावर घमेले पालथे घालून त्यावर दगड ठेवी.

या धाब्याच्या खाली, परंतु घराच्या वर, अशी जी एक मधली जागा असे, तीच माझ्या मते सर्व विवेचनाचे मर्म होय. माजघराच्या अर्ध्या भागावर, तुळईच्या आधाराने फळ्या टाकून केलेला तो माळा. श्रीमंतांच्या वाड्यात त्याला तक्तपोशी असे, माडी असे, माडीवर बालाखाना असे. आमच्याकडे फळ्यांच्या फटींतून वरचा धुरळा खालच्या ताटात पडे. चढण्यासाठी निसण, म्हणजे बांबूची शिडी, भिंतीला टेकून ठेवलेली असे. माणूस तेथे उभा राहू शकत नाही. बसतच, किंबहुना रांगतच, जावे लागते.

माळ्याविषयी बोलताना घरातील माणसे दोन क्रियापदे वापरीत, आणि ती कधीही एकमेकांच्या जागी येत नसत. ‘माळ्यावर ठेव’ आणि ‘माळ्यावर टाक’. पोळ्याच्या झुली, मठाठ्या, बैलांच्या गळ्यातील घोगरमाळा माळ्यावर ठेवीत. तुटक्या तिफणीचे चाडे, बुडाला भोक पडलेले घंगाळ, एका पायाने अधू झालेली खाट माळ्यावर टाकीत. पाळणा ठेवावयाचा, त्याचा तुटलेला कडीकोयंडा टाकावयाचा. बी म्हणून राखलेली तूर, राख आणि निंबाचा पाला घालून, गाडग्यात तोंड लिंपून ठेवावयाची. मागील सालची किडकी तूर मात्र माळ्यावर जातच नसे, ती थेट गुरांपुढे जाई. प्रथम पाहणाऱ्यास या दोन वर्गांतील भेद उपयोगी आणि निरुपयोगी असा वाटेल, परंतु तो तसा नाही. अधू खाटही दुरुस्त होणारच होती. घंगाळाला कल्हईवाला आला की डाग लावावयाचा होताच. ‘राहू दे, कामी पडते’ हे वाक्य प्रत्येक वस्तूसोबत वर चढे. खरा भेद असा की, ठेवलेल्या वस्तूला उतरण्याची तिथी होती आणि टाकलेलीला नव्हती. झुली पोळ्याला उतरत, बी मृगावर उतरे, पाळणा कुळातील कोणत्याही घरी बाळंतपण आले की उतरे आणि बारशानंतर वर्ष-दोन वर्षांनी, कधी दुसऱ्याच गावाहून, पुन्हा वर जाई. टाकलेले सामान मात्र वरच राही आणि त्याच्यावर पुढच्या पिढीचे सामान येऊन बसे.

महालक्ष्म्यांचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. पश्चिम महाराष्ट्र ज्यांना गौरी म्हणतो, त्यांना वऱ्हाडात महालक्ष्म्या म्हणतात. आणि त्यांचे मुखवटे व धडाच्या जागी मांडावयाच्या पत्र्याच्या उंच कोठ्या वर्षातील तीन दिवस सोडल्यास उरलेला सर्व काळ आमच्या घरी माळ्यावरच असत. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन आणि मुळावर विसर्जन, हा क्रम पंचांग ठरविते. आदल्या दिवशी माळा झाडला जाई. मामा वर चढत, खाली मामी पदर खोचून उभ्या राहत, आणि वेखंडाच्या वासाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले मुखवटे वरून खाली एका हातातून दुसऱ्या हातात येत. एका मुखवट्याच्या नाकाचा रंग उडालेला होता आणि तो दरवर्षी कुंकवाच्या बोटाने झाकला जाई. कोठ्या उतरल्या की त्यांत धान्य भरावयाचे, साड्या नेसवावयाच्या, आणि तीन दिवस घराची सर्व लगबग त्यांच्याभोवती चालावयाची. ज्या घरात देवता स्वतः माळ्यावर राहतात, त्या घरात माळ्यावर गेलेली वस्तू हीन कशी मानावी? १९०३ साल असो वा २००३, त्यांच्या उतरण्यात खंड पडला नाही, एवढी गोष्ट घरातील वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगत. आणि तो खंड न पडण्याचे श्रेय मी तरी श्रद्धेइतकेच पंचांगाला देईन.

ज्यांना पंचांग नव्हते, त्यांची गत निराळी झाली. देशमुख, देशपांडे, पाटील, पटवारी यांच्या घरांतून, वाड्यांतून, रुमालांत बांधलेली जी दप्तरे होती, त्यांतील सनदा, कबुलायती, फारखती, जमाबंदीचे आकार, सावकारी खतावण्या, ही सर्व जोवर हक्क आणि अंमल चालू होता तोवर दिवाणखान्याच्या फडताळात होती. अंमल संपला, कज्जे मिटले, मोडी वाचणारे म्हातारे गेले, आणि रुमाल माळ्यावर चढले. त्यांना उतरविण्याची तिथी कोणत्याही पंचांगात लिहिलेली नव्हती. वाळवी, उंदीर, गळके छप्पर आणि पुड्या बांधण्यासाठी कागद शोधणारा वाणी, यांच्यापैकी जो आधी येईल त्याचे ते होत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून जी साधने मिळविली, ज्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आली, त्या सर्व उद्योगाकडे मी या दृष्टीने पाहतो: दुसऱ्याच्या घराचा माळा उतरवून घेण्याचे ते काम होते, आणि ते करण्यास विद्वत्तेइतकाच घरमालकाच्या संशयाला तोंड देण्याचा चिवटपणाही लागतो. आमच्या बुलढाण्याचे यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ प्रसिद्ध केला. तो वाचताना परगण्यांची आणि घराण्यांची जी नावे ओळीने येतात, त्यांच्यामागे असेच किती रुमाल झटकले गेले असतील आणि किती वेळीच हाती न आल्यामुळे चुलीत गेले असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या २०१० साली आलेल्या ‘हिंदू’ कादंबरीच्या उपशीर्षकात अडगळीला ‘समृद्ध’ हे विशेषण मिळाले आणि तो शब्द व्यासपीठावर मिरवू लागला. खानदेशच्या लेखकाला ते सुचावे हे स्वाभाविक आहे. परंतु ज्याने प्रत्यक्ष माळा झाडला आहे, त्याला त्या समृद्धीत धूळ किती आणि ऐवज किती, हे तोलून पाहण्याची सवय असते.

इतर मुलखांत माळ्याचे स्वरूप वेगळे आहे. त्याचा केवळ निर्देश करतो. कोकणात कौलांच्या उतरणीखालचा माळा चुलीच्या धुराने काळवंडलेला असतो, आणि नारळ, वेळू, जाळी यांना तो धूर मानवतो. मुंबईकराला माळा म्हणजे मजला, म्हणून तो तिसऱ्या माळ्यावर राहतो. सामानाच्या जागेस त्याने पोटमाळा हे वेगळे नाव दिले आणि मग जागेच्या टंचाईत त्या पोटमाळ्यावर माणसेच चढविली. गिरणगावात पाळीपाळीने झोपणारे कामगार, परीक्षेचा अभ्यास करणारे पुतणे, गावाकडून नोकरीसाठी आलेले भाचे, यांना मुंबईने ठेवले की टाकले, हा प्रश्न मी त्यांच्यावरच सोडतो.

धाब्यावर दरवर्षी नवी खारी टाकावयाची, असे मी वर म्हटले. ती वर जाई. जुनी खाली येत नसे. पावसाने जी थोडी वाहून जाई तेवढीच, बाकीची साचत राही. पन्नास-साठ वर्षांत एका घराच्या छतावर किती माती चढते, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीला भूकंप झाला, आणि लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने फार मोठी नव्हती. ती सहाच्या थोडी वर होती. माणसे मारली ती मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंतींनी आणि त्यांवर पिढ्यान्‌पिढ्या जाड होत गेलेल्या माळवदांनी. कोठे कोठे तो मातीचा थर दोन फुटांहून अधिक होता. गळती थांबावी म्हणून काळजीने चढविलेले ते प्रत्येक घमेले होते. निष्काळजीपणाने त्यात काहीच टाकले गेले नव्हते. ज्या घरांत लाकडी खांबांचा सांगाडा भक्कम होता, तेथे भिंती बाहेर पडूनही छत काही अंशी तोलले गेले, असे पुढे तज्ज्ञांच्या पाहणीत आढळले. त्या बातमीनंतर आमच्याकडे, एवढ्या दूर घाटावर, काही घरांतून धाब्यावरची माती खोदून उतरविण्यात आली. माझ्या आठवणीत धाब्यावरून माती खाली येताना मी तेव्हाच प्रथम पाहिली. बोळ गुडघाभर पांढऱ्या मातीने भरला, आणि ती टाकावी कोठे, यावर शेजाऱ्यांत चार दिवस बोलाचाली झाली.

अलीकडे गावात स्लॅबची घरे वाढली आहेत. स्लॅबवर खारी लागत नाही. तेथे पाण्याची काळी टाकी असते, पुढच्या मजल्याच्या आशेने उभ्या ठेवलेल्या गंजक्या सळया असतात, आणि जिना जेथे वर निघतो तेथे चार भिंती आणि पत्र्याची एक खोली असते. तिला निश्चित नाव नाही. ‘जिन्यावरची खोली’ म्हणतात. तिच्यात बंद पडलेला कूलर, सोयाबीनची रिकामी पोती, फवारणीचा पंप आणि मुलांची मागील इयत्तांची पुस्तके असतात. तेथे सरळ पायऱ्यांनी उभ्या उभ्या जाता येते, म्हणूनच बहुधा तेथे कोणी काही ठेवीत नाही, सगळे टाकतातच. घरातील सज्जा, म्हणजे खोलीच्या भिंतीलगत काढलेला सिमेंटचा माळा, त्या मानाने अजून आब राखून आहे.

मामांचे घर आता पाडून नवे होत आहे. तुळया विकल्या गेल्या, किलचा जळणात गेल्या. मिस्त्री स्वभावाने चांगला, पण घाईचा. सज्ज्याची खोली दोन फूट पुरे, असे त्याने मामींना न विचारताच ठरविले होते आणि फळ्या ठोकण्यास प्रारंभ केला होता. मामी शेजारच्या घरातून, जेथे तात्पुरते सामान हलविले आहे, महालक्ष्मीची एक कोठी कडेवर घेऊन आल्या, ती फळीवर आडवी ठेवावयास लावली, आणि तिचे तोंड बाहेर आलेले मिस्त्रीला दाखविले. उभी ठेवल्यास छताला लागेल, म्हणून ती आडवीच राहणार, हेही त्यांनी त्याला समजावून सांगितले. मिस्त्री म्हणाला, अडीच फूट काढायचा तर सळई वाढते. ‘वाढू द्या,’ मामी म्हणाल्या, ‘आन् शिडी अडकवायला दोन कड्या बसवा इथं. भाद्रपदात माझ्या सुनेला वर चढायचं हाये, तुमाला नाई.’ त्याने कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर नवी खूण केली आणि पोराला दुकानातून आठ मिलिमीटरची सळई आणावयास पाठविले.